अंधारात पुन्हा पुन्हा बुजणारा घोडा: दोष उजेडाचा, डोळ्याचा की सवयीचा?

तक्रार ठरलेली असते. दिवसा लहान मूलही बसवावं इतका शहाणा घोडा दिवेलागणीनंतर दुसराच होतो. वाटेतल्या त्याच वळणावर थबकतो, मैदानाच्या त्याच कोपऱ्यात आत सरकतो, ट्रेलरच्या फळीवर पाय ठेवत नाही. चार-आठ दिवस मेहनत घेतली की जरा सुधारणा दिसते आणि मग एका रात्री पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. निष्कर्षही ठरलेला: "हा अंधाराला भितो."

बहुतेक घोडे अंधाराला भीत नाहीत. त्यांची अडचण होते ती आपण अंधारात घेऊन गेलेल्या तुकड्यातुकड्यांच्या उजेडाने. दुखणं सारखं उलटतं तेही बहुधा याच कारणाने. घोडा बुजला की स्वाराचा हात टॉर्चकडे जातो. टॉर्च लागते, अंधाराला सरावलेले घोड्याचे डोळे दिपतात आणि टॉर्च विझल्यावर बराच वेळ त्याला आधीपेक्षा कमी दिसतं. म्हणून तो पुढच्या झुडपालाही बुजतो, आणि टॉर्च पुन्हा लागते. हे चक्र चालू असेपर्यंत सराव वाढवून काही हाती लागत नाही.

रात्री घोड्याच्या डोळ्यात काय चालतं

जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत घोड्याचा डोळा मोठ्यातला मोठा म्हणावा असा. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी त्यात भरपूर असतात. शिवाय दृष्टिपटलामागे एक चकाकणारा थर असतो, जो निसटलेला उजेड परत आत फेकतो. रात्री टॉर्चच्या झोतात घोड्याचे डोळे हिरवट-निळे चमकतात ते या थरामुळे. चांदण्या रात्री, किंवा नुसत्या ताऱ्यांच्या उजेडातही, त्याला आपल्यापेक्षा चांगलं दिसतं. ज्या वाटेवर तुम्हाला स्वतःचा हात दिसत नाही, तिथे तो खड्डा चुकवून चालतो.

पण या डोळ्याची एक मर्यादा आहे: बदलाशी जुळवून घ्यायला तो वेळ घेतो. लख्ख उजेडातून अंधारात आल्यावर पूर्ण सरावायला त्याला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. आपल्यालाही २०-३० मिनिटं लागतात, फक्त आपण टॉर्चच्या भरवशावर असल्याने ते जाणवत नाही. मिळवलेला सराव मात्र दोन-चार सेकंदांच्या झोताने बराचसा जातो.

दुसरी गोष्ट सावलीची. घोड्याला भोवतालचं जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं, पण दोन्ही डोळ्यांनी मिळून खोलीचा अंदाज येतो तो समोरच्या साधारण ६५ ते ८० अंशांतच. बाकी सगळं एकेका डोळ्याने. अशा नजरेला खांबाची काळीकुट्ट सावली आणि चर यांतला फरक पटकन कळत नाही. खुलासा करून घ्यायला तो मान वर-खाली करतो: लांबचं बघायला वर, पायाजवळचं बघायला खाली. नेमकी त्याच क्षणी स्वाराने लगाम आवळलेली असेल, किंवा मार्टिंगेल (मान फार वर जाऊ नये म्हणून लावायचा पट्टा) आखूड बांधलेलं असेल, तर बघायची सोयच उरत नाही. मग तो बाजूला उडी मारतो, आणि दुसरं त्याने करावं तरी काय?

आधी बुजण्याचा नकाशा काढा

इलाजाला हात घालण्याआधी चार-पाच रात्री नुसती नोंद ठेवा. वहीत चारच गोष्टी हव्यात: जागा, घोड्याची कोणती बाजू त्या वस्तूकडे होती, तिथे उजेड कसा होता आणि त्याआधीच्या दहा मिनिटांत कुणी टॉर्च, मोबाइल किंवा गाडीचा दिवा लावला होता का.

नोंदी बोलक्या असतात. एकाच जागी बुजत असेल आणि ती जागा उजेड-अंधाराच्या सीमेवर असेल, तर दोष दिव्यांचा. कुठेही बुजतो, पण पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच, नंतर शांत होतो, असं असेल तर डोळे सरावायच्या आत त्याला कामाला लावलं जातंय. टॉर्च लावल्यानंतर बुजणं वाढत असेल, तर वर सांगितलेलं चक्र. कायम उजव्या (किंवा कायम डाव्या) बाजूनेच बुजत असेल, तर आधी डोळा तपासायचा. आणि मिट्ट काळोखात, दिवे नसताना, सोबतीला शांत घोडा असतानाही तो अडखळतो, माणसाला चिकटून चालतो, वस्तूंवर आदळतो, तर रातांधळेपणाचा विचार करावा लागतो.

काही वेळा यातलं काहीच नसतं. वाऱ्याची, गार रात्र असते आणि घोड्याच्या अंगात रग असते. घोड्याला ३३ किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आपली मजल २० पर्यंतच. झुडपातली खसफस तुम्हाला ऐकूच येत नाही, त्याला स्पष्ट येते. रोज संध्याकाळी सातला दाणा खाणाऱ्या घोड्यावर बरोबर सातला खोगीर टाकलं, तर त्याचं चित्त तबेल्याकडेच राहणार. दाण्याची वेळ बदला किंवा स्वारीची. ती नजरेची समस्या समजून डोकं फोडण्यात अर्थ नाही.

डोळा तपासणं

हे काम दिवसा, सावलीत करायचं. दोन्ही डोळे समोरून बघा. एक अर्धवट मिटलेला, पाणावलेला, पापण्यांचे केस एका बाजूला जास्त खाली झुकलेले, बुबुळावर निळसर-पांढरट धूसरपणा, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा. घोड्यांत डोळ्याच्या आतला दाह पुन्हा पुन्हा उलटणारा असतो आणि घोडे आंधळे होण्याचं ते सर्वांत मोठं कारण आहे. त्याचे झटके येतात आणि ओसरतात, त्यामुळे "मागच्या आठवड्यात बरा होता" या वाक्यावर भिस्त ठेवू नका. घरातले जुने डोळ्याचे थेंब तर मुळीच घालू नका. बुबुळाला जखम असेल आणि थेंबात स्टेरॉइड असेल, तर डोळा गमवायची वेळ येते.

मंद उजेडातली चाचणी घरच्या घरी करता येते. साधारण ४ मीटर रुंद आणि १५-२० मीटर लांब पट्टा घ्या. त्यात ५-६ अडथळे आडवेतिडवे ठेवा: प्लास्टिकचे शंकू, गवताचे भारे, रिकामे पिंप, जमिनीवर एखादा जाड बांबू. धारदार काही नको. घोड्याला मोरकी आणि लांब दोर लावा, दोर ढिला सोडा आणि स्वतः बाजूने चाला. पुढे राहून ओढत नेलं तर तो तुमच्या पावलावर पाऊल टाकेल आणि चाचणी वाया जाईल. आधी दिवसा न्या. मग अडथळ्यांच्या जागा बदला आणि अंधार पडल्यावर, अर्धा तास काळोखात उभा केल्यानंतर, पुन्हा न्या. जागा बदलायचीच, कारण घोड्याची जागेची आठवण पक्की असते. रातांधळा घोडा स्वतःच्या तबेल्यात वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही तो यामुळेच. तिसऱ्या फेरीला एक डोळा जाड मऊ कापडाने झाका, मग दुसरा. दिवसा सहज, रात्री धडपड, असा फरक दिसला की पुढचं काम पशुवैद्याचं. दृष्टिपटलाचा विद्युत आलेख काढून नक्की काय ते कळतं.

मैदानावरचे दिवे

सर्वांत जास्त तक्रारी इथल्याच. २० बाय ४० मीटरच्या मैदानाला एका लांब बाजूला दोन खांब आणि त्यावर प्रखर पांढरे एलईडी, ही सगळीकडे दिसणारी आणि सगळ्यात वाईट मांडणी. एका दिशेने जाताना झोत थेट घोड्याच्या डोळ्यात जातो, उलट फिरताना त्याची स्वतःची लांबलचक सावली पुढे पळते. कुंपणाच्या आडव्या फळ्यांच्या सावल्या जमिनीवर शिडीसारख्या पडतात त्या वेगळ्याच.

रात्री मैदानात पायी जा आणि घोड्याच्या डोळ्याच्या उंचीवरून, म्हणजे जमिनीपासून साधारण दीड मीटरवरून, कुंपणाच्या कडेकडेने एक पूर्ण फेरी मारा. जिथे तुमचे डोळे किलकिले होतात आणि जिथे जमिनीवर काळी कड स्पष्ट दिसते, त्या जागा खुणेने टिपा. मग तुमच्या वहीतल्या बुजण्याच्या जागांशी ताडून बघा. बऱ्याचदा दोन्ही याद्या सारख्याच निघतात.

दर पाच मीटरवर मोबाइलच्या प्रकाशमापक ॲपने लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) मोजले तरी चालेल. आकडा अचूक नसतो, पण तुलना करायला पुरतो. सर्वांत उजळ आणि सर्वांत अंधारी जागा यांत तिप्पटीपेक्षा जास्त फरक नसावा. साध्या सरावाला १०० लक्सच्या आसपास सारखा पसरलेला उजेड पुरे. एका कोपऱ्यात ४०० आणि दुसऱ्यात २०, यापेक्षा सगळीकडे ५० कधीही बरे.

दुरुस्ती करायची तर दिवे दोन्ही लांब बाजूंना, समोरासमोर, ६ ते ८ मीटर उंचीवर हवेत. झोत खाली वळलेला, दिव्याला वरून आणि बाजूने झाकण. तबेल्याच्या भिंतीवर माणसाच्या उंचीला लावलेला, मैदानाकडे तोंड केलेला फ्लडलाइट बंदच करून टाका, त्याने मैदान उजळत नाही, घोडे मात्र दिपतात. डोळ्याला खुपणारी, फडफडणारी स्वस्त एलईडी काढा.

खर्च शक्य नसेल तर दोन तोडगे आहेत. दिव्यांच्या सारख्या उजेडात बसेल एवढं २० मीटरचं वर्तुळ आखून घ्या आणि रात्रीचं काम तेवढ्यातच ठेवा. किंवा सरळ सगळे दिवे बंद करून, डोळे सरावू देऊन, चालीचं (म्हणजे घोडा नुसता सावकाश चालवायचं) काम अंधारात करा. ऐकायला उलटं वाटतं, पण अर्धवट उजेडापेक्षा सरसकट अंधार बहुतेक घोड्यांना सोपा जातो. स्वारालाच तो अवघड वाटतो.

शिरस्त्राणावरची बत्ती

शिरस्त्राणावर लावलेला हेडलॅम्प स्वाराला फार सोयीचा वाटतो. आता घोड्याच्या बाजूने बघा. उजेड त्याच्या डोक्याच्या मागून, वरून येतो. त्यामुळे त्याच्याच कानांच्या आणि मानेच्या सावल्या समोरच्या वाटेवर पडतात. तो पाऊल टाकतो, मान हलते, सावली पुढे झेपावते. तुम्ही शेजारच्याशी बोलायला मान वळवता, आणि अख्खी वाट एका बाजूला सरकून काळोखात बुडते. वर नजरेच्या जवळून पडलेला उजेड जमीन सपाट दाखवतो, म्हणजे खड्डा तुम्हालाही नीट दिसत नाही.

घोड्याच्या छातीपट्ट्यावर खाली लावलेल्या प्रखर दिव्याची तऱ्हा उलटी: तिरक्या झोतात प्रत्येक खड्याची वीतभर सावली पडते आणि घोडा बोटभर खाचेवरून उडी मारायला बघतो.

दिवा लागणारच असेल, तर मंद आणि विखुरलेला हवा. ३०० ते १००० लुमेनचे (लुमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप) हेडलॅम्प घोड्यावर निरुपयोगी आहेत. १० ते ३० लुमेनची खालची पायरी वापरा, काचेवर दुधाळ चिकटपट्टी लावा. लाल उजेडाचा फायदा असा की दंडपेशी लाल रंगाला फारशा दाद देत नाहीत, त्यामुळे तुमचा आणि घोड्याचा अंधाराचा सराव टिकतो. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) तपासणं, नकाशा बघणं, नालेत अडकलेला खडा काढणं एवढ्यापुरता लाल दिवा उत्तम. लाल उजेडात लाल खुणेच्या फिती मात्र दिसेनाशा होतात, हे लांब पल्ल्याच्या स्वारांनी ध्यानात ठेवावं.

कॅलिफोर्नियातली टेव्हिस कप ही १०० मैलांची शर्यत १९५५ पासून चालत आली आहे. २४ तासांची मुदत असल्याने बहुतेक घोडे शेवटचा टप्पा रात्री डोंगरवाटेने कापतात, आणि म्हणून तारीख शक्यतो पौर्णिमेच्या जवळची धरतात. तिथे आणि अशाच इतर शर्यतींत स्वार छातीपट्ट्याला हिरव्या ग्लो स्टिक लावतात. ती रसायनाची कांडी असते, मोडून हलवली की काही तास मंद उजेड देते, दिपवत नाही. बांधताना दोन्ही टोकं पक्की करा. एका टोकाने लोंबकळणारी कांडी पायाशी हेलकावायला लागली की तिलाच घोडा बुजतो. आणि पहिल्यांदा ती दिवसाउजेडी लावून दाखवा.

सराव कसा चढवायचा

एकदम रात्री नऊला सुरुवात करू नका. सूर्यास्ताआधी अर्धा तास खोगीर कसा आणि संधिप्रकाशातच उतरा. पुढच्या प्रत्येक वेळी सगळं १०-१५ मिनिटांनी पुढे ढकला. आठवड्यातून तीन-चारदा केलंत तर तीन आठवड्यांत घोडा पूर्ण अंधारात पोचतो, आणि "आज रात्र आहे" असा धक्का त्याला कधी बसतच नाही. प्रत्येक टप्प्यावर क्रम हा ठेवा:

१. निघण्याआधी अर्धा ते पाऊण तास तबेल्यातला मुख्य दिवा बंद. खरारा आणि खोगीर मंद लाल उजेडात. तंग, रिकिबी आणि लगामीच्या डोक्यावरच्या पट्ट्यांची बक्कलं हाताने चाचपून बघायची सवय दिवसाच लावून घ्या: कोणत्या भोकात पट्टा बसतो हे बोटांना ठाऊक हवं. मोतद्दाराला (घोड्याची देखभाल करणाऱ्याला) मोबाइलची टॉर्च लावू नको असं आधीच बजावून ठेवा, सगळ्या तयारीवर पाणी पडतं ते तिथेच.

२. पहिली दहा-पंधरा मिनिटं पायी, मोरकीला धरून. ज्या वाटेने स्वारी करायची तीच वाट. त्या दिवशी उजेडात ती एकदा बघून आलेले असा: नवा खड्डा, पडलेली फांदी, लोंबती तार.

३. मग काव्यावर (लांब दोराला धरून स्वतःभोवती वर्तुळात फिरवत), फक्त चालीत, दोन्ही बाजूंना पाच-पाच मिनिटं. अंधारात तुमचा हात आणि चाबूक घोड्याला दिसतो, पण तुम्हाला घोडा नीट दिसत नाही, त्यामुळे दोर कधी सैल पडला ते कळत नाही. हातमोजे घाला, दोराची घडी तळहातात ठेवा, मनगटाला वेटोळं घेऊ नका. चाल, दुडकी, थांब यांचे आवाजी हुकूम दिवसा पक्के झालेले नसतील तर काव्याचं काम रात्री करूच नका.

४. स्वारी चालीत, सोबतीला रात्रीचा सराव असलेला शांत घोडा. दोघांत दोन घोड्यांचं अंतर. दिवा असलाच तर मागच्याकडे. पुढच्या घोड्याला दिवा नको, आणि मागच्याचा उजेड त्याच्या पायांत पडायला नको.

५. सलग चार-पाच वेळा चाल शांत झाली की दुडकी, तीही सपाट, ओळखीच्या जमिनीवर. कँटर (दुडकीच्या पुढची, अधिक वेगाची चाल) फक्त कुंपणाच्या मैदानात, सारख्या उजेडात. अंधारात उड्या मारायला लावू नका.

हे सगळं चालू असताना स्वाराचं काय होतं तेही बघायला हवं. दिसत नाही म्हटल्यावर माणूस पुढे झुकतो, खाली बघतो, गुडघे आवळतो आणि श्वास रोखतो. घोड्याच्या लेखी हा सरळसरळ धोक्याचा इशारा. मांड खोल ठेवा, नजर घोड्याच्या कानांच्या वरून दूर, लगाम एवढी लांब की त्याला नाक गुडघ्यापर्यंत नेता यावं. अंधारात नजर एका जागी रोखली की वस्तू नाहीशी होते, किंचित बाजूला बघितलं तर दिसते. आपल्या डोळ्याच्या मध्यभागी दंडपेशी नसतात म्हणून हे घडतं. उतारावर त्याला वेळ घेऊ द्या, घाई करू नका.

बुजला, आता?

टॉर्च नाही. हे सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाचं.

थांबू द्या, त्या वस्तूकडे तोंड करू द्या, लगाम बोटभर सैल सोडा. पाच-दहा सेकंद त्याला बघू द्या, वास घेऊ द्या. कान टवकारलेले, मान ताठ, श्वास रोखलेला असेल तोवर पुढे ढकलू नका. फुरफुरला, मान खाली आली, जबडा हलला की एक पाऊल मागा. एकच. मग थांबा. पाठ फिरवायला लागला तर एका बाजूची लगाम हाताने बाहेरच्या बाजूला नेऊन फक्त समोर आणा, गरागरा वर्तुळात फिरवू नका, रात्री निसरड्या जमिनीवर त्याचे पाय गुंततात. टाचा आणि चाबूक या क्षणी वापरलात तर त्या जागेची भीती दुप्पट होते आणि पुढच्या वेळी तो वीस पावलं आधीच थबकतो.

नाहीच ऐकलं, तर उतरा. ज्या बाजूला ती वस्तू आहे त्या बाजूला उतरू नका, नाहीतर तो तुमच्या अंगावरून पलीकडे जाईल. खांद्याजवळ राहून चालवत न्या आणि पुढे गेल्यावर पुन्हा मांड ठोका. उतरलं की घोडा डोक्यावर बसतो, हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे.

चुकून कुणी प्रखर दिवा मारलाच, तर निदान दहा मिनिटं नुसती चाल ठेवा, दुडकी नको. पूर्ण सराव परत यायला त्याहून बराच वेळ लागतो, पण सुरुवातीची मिनिटं खूप काही परत देतात.

ट्रेलर आणि तबेल्याचं दार

उजेडातून काळ्या पोकळीत पाऊल टाकायला घोडा नाखूष असतो, आणि ते शहाणपणाचंच आहे. अंगणातला फ्लडलाइट चालू आणि ट्रेलरमध्ये अंधार, अशा वेळी ओढाओढी करून कुणाचा तरी हात सोलवटतो. बाहेरचा दिवा बंद करा किंवा मागे वळवा, आत छताला मंद, पसरट दिवा लावा. तो समोरून डोळ्यात येता कामा नये. फळीवर दोन्ही बाजूंच्या उजेडाची रेघ पडत असेल तर गाडीच पाच-सात फूट सरकवा. आत-बाहेर उजेड सारखा झाला की निम्मे घोडे तसेच चढतात. उतरवताना उलटं: बाहेर अंधार असेल तर आतला दिवा काही मिनिटं आधी मंद करा.

तबेल्याच्या दारातही तेच. दारावरचा एकुलता एक बल्ब उंबऱ्यावर काळी पट्टी पाडतो. दिवा आतल्या बाजूला नेला की ती जाते.

गाड्यांचा रस्ता

शक्यतो टाळा. नाइलाज असेल तर पुढे पांढरा, मागे लाल दिवा, दोन्ही स्वाराच्या किंवा खोगिराच्या बाहेरच्या, म्हणजे गाड्या जातात त्या बाजूला. रिफ्लेक्टर पट्ट्या चारही पायांत, खुरांच्या वरच्या सांध्यापाशी: हलणारे पाय दिसले की चालकाला तो प्राणी आहे हे पटकन कळतं, नुसतं चमकणारं जाकीट खांबालाही घातलेलं असू शकतं. समोरून गाडी आली की घोड्याचं तोंड किंचित कडेकडे वळवा, म्हणजे दोन्ही डोळे एकदम दिपत नाहीत, आणि गाडी गेल्यावर लगेच निघू नका. ओल्या रस्त्यावरचं डबकं दिव्यात आरशासारखं चमकतं, त्याला वळसा घालायचा आग्रह घोडा धरेल, धरू द्या. मोबाइल स्वतःच्या अंगावर ठेवा, खोगिराच्या पिशवीत नको: घोडा निसटला तर फोन त्याच्याबरोबर जातो.

तपासणीत रातांधळा निघाला तर

ॲपलूसासारख्या ठिपकेदार वाणांत जन्मजात रातांधळेपणा आढळतो. ठिपक्यांचा जनुक आई आणि बाप दोघांकडून आलेला असेल तर हा दोष येतो. असे घोडे बऱ्याचदा जवळजवळ पांढरे आणि तुरळक ठिपक्यांचे असतात. केसांच्या मुळांवरून जनुकीय तपासणी होते. दोष वाढत नाही, पण बराही होत नाही, दिवसा नजर बहुधा चांगली असते. सरावाने यात काही फरक पडत नाही, तेव्हा वरचा सगळा कार्यक्रम अशा घोड्याला लावू नका.

दुसरी शक्यता आहाराची. महिनोन्‌महिने हिरवा चारा नाही, फक्त जुना, पिवळा पडलेला वाळका चारा, अशा स्थितीत जीवनसत्त्व अ आणि ई दोन्हींची तूट पडू शकते आणि दोन्हींचा दृष्टिपटलाशी संबंध आहे. रक्त तपासून मगच पूरक द्या. जीवनसत्त्व अ जास्त झालं तरी अपाय होतो.

रातांधळ्या घोड्याला दिवसाच काम द्या आणि उजेड असतानाच परत आणा. रात्री त्याच्या आवारात मंद दिवा रात्रभर सारखा ठेवा, चालू-बंद होणारा सेन्सरचा दिवा नको. पाण्याचं टाकं, गव्हाणी, दार यांच्या जागा बदलू नका. आवाराला काटेरी तार असेल तर ती काढून फळ्या किंवा रुंद पांढरी पट्टी लावा. नवा मोतद्दार आला की त्याला पहिल्या दिवशीच सांगा: अंधारात या घोड्याजवळ जाताना आधी हाक मारायची, मग खांद्याला हात लावायचा, आणि मगच मोरकी धरायची.